ओळखपत्र हातात धरून बोललेल्या माणसांसाठी यूट्यूबला खुलं पत्र

प्रति,
यूट्यूबचे नियम ठरवणारे आणि ते अंमलात आणणारे अधिकारी, तसंच गूगलचं व्यवस्थापन यांस,

स. न. वि. वि.

मी अंबाजोगाईजवळच्या एका ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. तुमचं ॲप माझ्या फोनवर मराठीत चालतं, म्हणून पत्रही मराठीतच लिहितेय. २०२१ मध्ये तुम्ही, चीनच्या शिनजियांग प्रांतात नाहीशा झालेल्या माणसांच्या नातेवाइकांच्या साक्षी साठवणारं एक चॅनल बंद केलंत, त्याबद्दल हे पत्र आहे. तुम्ही ते वाचावं अशी इच्छा आहेच, पण तुमच्याइतकंच ते इथल्या लोकांनी वाचावं असं मला वाटतं. शिनजियांग कुठे आणि आपण कुठे, असं म्हणून आपण फार लवकर पान उलटतो.

मी एमबीबीएस अल्माटीला केलं. मराठवाड्यातली पुष्कळ मुलं डॉक्टरकी शिकायला कझाकस्तानात जातात, त्यातलीच मी एक. पहिली दोन वर्षं हॉस्टेलवर काढली आणि २०१६ च्या थंडीत एका बाईंच्या घरी खोली भाड्याने घेतली. कझाख लोक वडीलधाऱ्या बाईला आपा म्हणतात. आपल्याकडे मुसलमान घरांत थोरल्या बहिणीला आपा म्हणतात, त्यामुळे तो शब्द माझ्या तोंडात पहिल्याच आठवड्यात बसला. परीक्षेच्या दिवसांत आपा रात्री अकराला दुधाचा चहा आणि तळलेले बाउरसाक माझ्या टेबलावर आणून ठेवायची आणि काही न बोलता निघून जायची. मी घरापासून लांब होते आणि तिच्याजवळही तिचं रक्ताचं कुणी नव्हतं.

ती मूळची चीनमधली, शिनजियांगची. कझाकस्तान स्वतंत्र झाल्यावर चीन आणि मंगोलियातली हजारो कझाख कुटुंबं तिकडे परतली. त्यांना ओरालमान म्हणत, म्हणजे परतून आलेले. आपा त्यांतली. तिचा धाकटा भाऊ तारबागताय भागात मागे राहिला. तो शाळामास्तर होता. दर रविवारी दोघं वीचॅट या चिनी ॲपवर बोलत. तो गाईंचं, मेंढरांचं, पावसाचं सांगायचा आणि ही भाकरी थापता थापता ऐकायची. २०१७ च्या उन्हाळ्यात एका रविवारी तिने फोन उघडला तर भावाने तिचं नाव आपल्या यादीतून काढून टाकलेलं होतं. परदेशात नातेवाईक असणं, त्यांच्याशी बोलणं हाच तिकडे गुन्हा ठरू लागला होता. त्या वर्षी हजारो घरांत असंच झालं. मग काही महिन्यांनी गावाकडून आलेल्या एका बाईने दबक्या आवाजात सांगितलं की त्याला ‘शिकायला’ नेलंय.

कझाख, उइघुर अशा मुसलमान लोकांना जिथे कोंडून ठेवलं जायचं त्या छावण्यांना चीनचं सरकार व्यावसायिक कौशल्य प्रशिक्षण केंद्रं म्हणतं. पन्नाशी उलटलेल्या शाळामास्तराला कुठलं कौशल्य शिकवायला रात्री घरातून उचलून नेतात, हा प्रश्न आपा मला विचारायची, जणू मी शिकलेली म्हणून मला उत्तर माहीत असेल.

अल्माटीत तेव्हा अताजुर्त नावाची एक लहानशी संघटना होती. अताजुर्त म्हणजे वाडवडिलांची भूमी. सेरिकजान बिलाश नावाचा, स्वतः शिनजियांगमधून आलेला माणूस ती चालवत होता. ज्यांची माणसं तिकडे नाहीशी झाली होती ते लोक तिथे यायचे, कॅमेऱ्यासमोर बसायचे आणि सांगायचे. तो व्हिडिओ यूट्यूबवर चढायचा. एवढंच त्यांचं काम. आपाही अखेर बोलायला तयार झाली. २०१८ च्या डिसेंबरात, फुटपाथवर बर्फ काचेसारखा घट्ट झाला होता आणि तिचा गुडघा दुखत होता, म्हणून मी सोबत गेले. त्या दिवशी रेकॉर्ड केलेला तिचा व्हिडिओ पुढे कुठे चढला, आज कुठे आहे, हे मी इथे लिहिणार नाही. तिचे नातेवाईक अजून तिकडे आहेत.

मी काय बघितलं ते मात्र लिहिते, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे.

आपाने आधी घरी सगळं कागदावर लिहून घेतलं होतं. शिनजियांगमधले कझाख अरबी लिपीत लिहितात. मी सिरिलिक, म्हणजे रशियन वळणाची, कझाकस्तानात चालणारी लिपी शिकले होते, त्यामुळे त्या कागदावरचं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं. पण कॅमेरा सुरू झाल्यावर तिने कागदाकडे बघितलंच नाही. स्वतःचं नाव, जन्मतारीख, राहण्याचा पत्ता. मग भावाचं नाव, गाव, कुणी नेलं, साधारण कधी नेलं. मग त्याचा चिनी ओळख क्रमांक. अठरा आकडे, एकही न अडखळता. डाव्या हातात भावाचा फोटो होता, उजव्या हातात तिचं स्वतःचं ओळखपत्र. कॅमेऱ्यामागच्या मुलाने तिला थांबवलं आणि म्हणाला, आपा, दिव्याचा उजेड कार्डावर पडतोय, आकडे दिसत नाहीत, जरा तिरपं धरा. तिने कार्ड तिरपं केलं आणि त्याने ‘दिसतंय’ म्हणेपर्यंत तसंच धरून ठेवलं. हात थरथरायला लागला तेव्हा कोपर टेबलावर टेकवलं, पण कार्ड खाली घेतलं नाही.

कझाख भाषेत ओळखपत्राला ‘कुआलिक’ म्हणतात. कुआ म्हणजे साक्षीदार. हा कुआ आणि आपल्या मराठीतली ग्वाही, दोन्ही एकाच फारसी शब्दातून आलेत. आपण ‘मी ग्वाही देते’ म्हणतो, ते लोक कार्ड वर धरतात. मी खोटी नाही, मी भाड्याने आणलेली बाई नाही, मी अमक्याची बहीण, हा माझा पत्ता, वाटलं तर या आणि विचारा. ज्या सरकारविरुद्ध बोलायचं ते सरकार प्रत्येक साक्षीदाराला खोटारडा, नटवा म्हणतं, तेव्हा त्या गरीब माणसाजवळ दुसरं काय असतं?

आता तुम्ही काय केलंत ते.

१५ जून २०२१ रोजी तुम्ही अताजुर्तचं संपूर्ण चॅनल बंद केलंत. जवळजवळ ११ हजार व्हिडिओ, २०१७ पासून १२ कोटींहून अधिक वेळा बघितले गेलेले. कारण सांगितलं गेलं की काही व्हिडिओंमध्ये माणसं ओळखपत्रं दाखवतात आणि खासगी माहिती उघड करणं हे छळवणुकीविरुद्धच्या तुमच्या नियमात बसत नाही. तक्रारी आल्या होत्या बारा व्हिडिओंवर. ११ हजारांपैकी बारा.

या चॅनलवाल्यांची परिस्थिती काय होती तेही ध्यानात घ्या. संघटनेला कझाकस्तानात नोंदणी मिळाली नव्हती, उलट बिननोंदणी काम केलं म्हणून दंड झाला. मार्च २०१९ मध्ये बिलाश यांना अल्माटीतल्या हॉटेलातून उचलून विमानाने राजधानीला नेलं. ऑगस्टमध्ये सुटका झाली ती सात वर्षं असं कार्य करणार नाही या अटीवर, आणि पुढच्या वर्षी त्यांना देश सोडावा लागला. म्हणजे शेजारी बलाढ्य चीन, घरचं सरकार त्याला दुखवायला तयार नाही, ऑफिसवर सतत दडपण. एवढ्या सगळ्यातून त्या लोकांनी जे जमवलं ते ठेवायला त्यांच्याकडे एकच कपाट होतं, आणि त्याची किल्ली तुमच्या हातात होती.

माझ्या तक्रारी मी सांगते. क्रम महत्त्वाप्रमाणे नाही, मनात येतील तशा लिहितेय.

पहिली तक्रार त्या नियमाबद्दल. नियम वाईट नाही. कुणा बाईचा पत्ता, फोन नंबर तिला छळण्यासाठी कुणी तुमच्या मंचावर टाकला तर तो काढलाच पाहिजे. तशा मुली माझ्याकडे पेशंट म्हणून येतात, झोप उडालेल्या, जेवण बंद झालेल्या, त्यामुळे या नियमाची किंमत मला माहीत आहे. पण इथे माणूस स्वतःचं कार्ड, स्वतःच्या हातात, स्वतःच्या इच्छेने दाखवतोय. यात छळणारा कोण आणि छळलेला कोण? तुम्ही म्हणाल, भावाचा क्रमांकही तिने सांगितला, त्याची परवानगी कुठे होती? खरं आहे, नव्हती. ती घ्यायला तो जागेवर असता तर व्हिडिओ करायची वेळच आली नसती. नंतर तुम्ही सुचवलंत की ओळखपत्रं धूसर करा. संघटनेचे लोक कचरले, कारण धूसर कार्ड दाखवणाऱ्या माणसाला कोणीही उठून विचारू शकतो की हा खरा कशावरून. आपाने दिव्याखाली कार्ड तिरपं धरलं ते आकडे दिसावेत म्हणूनच.

तुमच्याच नियमांत शैक्षणिक, माहितीपर, वैज्ञानिक आणि कलात्मक हेतूसाठी सवलत आहे, हेही मी वाचलंय. हरवलेल्या माणसाची साक्ष या सवलतीत बसत नसेल तर ती कुणासाठी लिहिलीय?

दुसरी तक्रार शिक्षेच्या पद्धतीबद्दल. नव्वद दिवसांत तीन ताकिदी झाल्या की चॅनल जातं. पाच-दहा व्हिडिओ करणाऱ्या माणसाला आणि हजारो साक्षी साठवणाऱ्या संस्थेला एकच माप. ज्याच्याकडे ११ हजार व्हिडिओ आहेत त्यात शोधणाऱ्याला तीन सापडणारच. मग चॅनल पाडायला कुणी हुशार असावं लागत नाही, चिकाटीने तक्रारी करणारी माणसं असली की पुरतं. अताजुर्तच्या लोकांनी उघड सांगितलं की चीनच्या बाजूने काम करणारे गट हे ठरवून करतात. तक्रारी कुठून आल्या, एकाच दिवशी आल्या का, एकाच गटाने केल्या का, हे फक्त तुम्हाला दिसतं, आणि तुम्ही ते सांगत नाही.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त टोचते. चॅनल १८ जूनला परत सुरू झालं. कशामुळे? रॉयटर्स या वृत्तसंस्थेने तुम्हाला विचारणा केली म्हणून. बातमीदाराचा फोन आला आणि तुम्हाला चूक दिसली. ज्यांच्यासाठी कुणी बातमीदार फोन करत नाही त्यांचं काय? आणि तेही तिथे संपलं नाही. २२ जूनला आणखी दोन व्हिडिओ अडकले, या वेळी यंत्राने पाठवलेल्या निरोपात म्हटलं होतं की ते गुन्हेगारी संघटनांविषयीच्या नियमाचं उल्लंघन असू शकतं. नाहीशा झालेल्या बापासाठी बोलणारी मुलगी आणि गुन्हेगारी संघटना! घाबरून त्या लोकांनी आपले व्हिडिओ ओडिसी नावाच्या दुसऱ्या मंचावर हलवायला घेतले. रॉयटर्सची बातमी आली तेव्हा ९७५ हलवून झाले होते. बाकीचे दहा हजार तुमच्या भरवशावर.

आता परदेशी सरकारांच्या प्रचाराबद्दल. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

२०१९ च्या वसंतात आपाच्या भावाचा एकदा व्हिडिओ कॉल आला. दीड-पावणेदोन वर्षांनी. आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल पडली होती, केस बारीक कापलेले. तो म्हणाला, मी ठीक आहे, मी कायदा शिकलो, हुन्नर शिकलो, पक्षाने आणि सरकारने आमच्यासाठी खूप केलं, ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नकोस. तीन-चार मिनिटं. आपाला तो लहानपणापासून एका लाडक्या नावाने हाक मारायचा. त्या दिवशी त्याने ती हाक एकदाही मारली नाही. फोन ठेवल्यावर ती एवढंच म्हणाली की आवाज त्याचाच होता.

दोन वर्षांनी, जून २०२१ मध्ये, म्हणजे तुम्ही अताजुर्त बंद केलंत त्याच महिन्यात, प्रोपब्लिका ही अमेरिकेतली शोधपत्रकारिता करणारी संस्था आणि न्यूयॉर्क टाइम्स यांनी मिळून एक शोध छापला. शिनजियांगमधल्या माणसांचे तीन हजारांहून अधिक छोटे व्हिडिओ त्यांनी तपासले. दुकानदार, टॅक्सीवाला, निवृत्त माणूस, शेतकरी. सगळे सांगत होते की आम्ही मोकळे आहोत, सुखात आहोत, बाहेरचे लोक खोटं बोलतात. वाक्यं इतकी सारखी की एकाच कागदावरून वाचल्यासारखी. आधी ते चीनमधल्या, प्रचारखात्याशी बांधलेल्या एका ॲपवर यायचे आणि तिथून ट्विटरवर, यूट्यूबवर पसरायचे. सरकारने केलेत याची कुठलीही खूण त्यांवर नव्हती. त्यांतले काही मी बघितले आणि मला स्वयंपाकघरातला तो फोन आठवला. तेच शब्द, तसेच डोळे.

हे व्हिडिओ तुमच्याकडे आले कसे, हा विचार करा. चीनमध्ये यूट्यूब २००९ पासून बंद आहे. तिथल्या सामान्य माणसाला ते उघडताच येत नाही. म्हणजे हा माल तिथल्या लोकांसाठी नव्हताच. तो तुमच्या-माझ्यासाठी होता, पाठवणाऱ्याचं नाव पुसून पाठवलेला. तुमच्या नियमाप्रमाणे नाव-पत्ता-क्रमांक सांगून बोलणारी आपा अडचणीची, आणि नाव न सांगता, मागे कोण उभं आहे ते न सांगता पाठ केलेलं बोलणारा माणूस बिनअडचणीचा. असं व्हावं असा तुमचा हेतू असेल असं मी म्हणत नाही. पण झालं ते हे झालं.

तुम्हाला काही करताच येत नाही, हेही मला पटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनाविरुद्ध संगनमताने चालणारी २१० चॅनल तुम्ही बंद केलीत. चीनधार्जिण्या एका मोठ्या जाळ्याच्या पन्नास हजारांहून अधिक हालचाली तुम्ही २०२२ या एका वर्षात मोडून काढल्या, असं गूगलनेच जाहीर केलं. युक्रेनवर हल्ला झाल्यावर ११ मार्च २०२२ ला रशियन सरकारच्या पैशावर चालणारी चॅनल तुम्ही जगभर बंद केलीत. माणसं आहेत, साधनं आहेत, नजर आहे. तीच नजर खोट्या तक्रारींच्या झुंडीकडे का वळत नाही?

मी प्रचाराचे सगळे व्हिडिओ पुसून टाका असं म्हणत नाही, हे स्पष्ट लिहिते. कुठलंही सरकार काय दाखवतं हे लोकांना दिसलं पाहिजे, आणि उद्या कोर्टात तोही पुरावाच असणार आहे. मागे कोण आहे ते त्यावर लिहा, एवढंच. सरकारी पैशावर चालणाऱ्या बातमी-चॅनलांना तुम्ही २०१८ पासून तशी पट्टी लावता. मग प्रचारखात्याने गिरवून घेतलेल्या, साध्या माणसांच्या नावाने सोडलेल्या व्हिडिओंना का नाही?

हा प्रश्न एकट्या चीनचा असता तर मी कदाचित आपाची आठवण उराशी धरून गप्प बसले असते. तसं नाही. २०१७ मध्ये तुम्ही अतिरेकी मजकूर ओळखणारी यंत्रणा बसवलीत आणि सीरियातल्या बॉम्बफेकीचं, रासायनिक हल्ल्यांचं चित्रण करणाऱ्यांची कितीतरी चॅनल तिच्या तडाख्यात सापडली. रक्त दिसलं की यंत्र थांबवतं, ते कुणी सांडलं आणि कुणी दाखवलं हे त्याला कळत नाही. गंमत नव्हे, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातल्या महमूद अल-वर्फल्ली या कमांडरविरुद्ध अटक वॉरंट काढलं. बेनगाझी भागात ३३ जणांना ठार मारल्याचा आरोप होता आणि त्याचा मोठा आधार समाजमाध्यमांवर आलेले व्हिडिओ हाच होता. एकीकडे न्यायालय ज्याला पुरावा म्हणतं, तेच दुसरीकडे यंत्र कचरा म्हणून झाडतं. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात अल-हक, अल मेझान आणि पॅलेस्टिनी सेंटर फॉर ह्यूमन राइट्स या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या तीन पॅलेस्टिनी संस्थांची खाती तुम्ही काढून टाकलीत. ७०० हून अधिक व्हिडिओ गेले. या वेळी कारण अमेरिकेच्या सरकारने महिनाभर आधी त्यांच्यावर लादलेले निर्बंध. निर्बंध पाळणं तुम्हाला भाग असेल, पण वर्षानुवर्षं जमवलेली साक्ष लोकांच्या नजरेतून एका फटक्यात घालवताना ती कोणाकडे सोपवलीत का, हे तुम्ही सांगितलेलं नाही.

मी ज्या कामात आहे तिथे आम्ही हे कसं करतो ते सांगते. आमच्या रुग्णालयात मारहाणीची, जळिताची, अत्याचाराची केस आली की एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणाऱ्या मेडिको-लीगल केसच्या रजिस्टरमध्ये नोंद होते. त्या रजिस्टरचं पान फाडता येत नाही. लिहिताना चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी सही करायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. अत्याचार झालेल्या बाईचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही, असा कायदा आहे आणि आम्ही तो पाळतो. पण नाव लपवायचं म्हणून कुणी नोंद जाळत नाही. तिचे कपडे, नमुने आम्ही वेगळ्या पाकिटांत घालतो, लाखेचं सील मारतो, पोलिसाची सही घेतो, किती वाजता दिलं ते लिहितो. रात्री दोन वाजता, हाताखाली एकच नर्स असताना, लाईट गेलेली असताना मेणबत्तीवर लाख वितळवून मी हे केलंय. एका तालुक्याच्या दवाखान्याला जे जमतं ते तुमच्याएवढ्या कंपनीला जमू नये?

मणिपूरचं आठवा. ४ मे २०२३ ला दोन बायकांवर जे झालं त्याने अडीच महिने कुणी हललं नाही. १९ जुलैला व्हिडिओ बाहेर आला आणि दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तो व्हिडिओ पसरू देऊ नका असं सरकारने समाजमाध्यमांना सांगितलं, ते योग्यच होतं. त्या बायकांची विटंबना घराघरांतल्या फोनवर परत परत व्हायला नको होती. पण तो आधी बाहेर आलाच नसता तर? किंवा चढताक्षणी यंत्राने पुसून टाकला असता तर? लोकांच्या नजरेआड करणं वेगळं आणि नाहीसं करणं वेगळं. तुमच्याकडे या दोन कामांना एकच बटण आहे.

म्हणून माझ्या मागण्या.

मानवी हक्कांच्या उल्लंघनाची साक्ष किंवा चित्रण असलेला कुठलाही व्हिडिओ कुठल्याही कारणाने हटवलात तरी तो नष्ट करू नका. चढवल्याची तारीख-वेळ आणि मूळ फाइलसकट सीलबंद ठेवा आणि न्यायालयांना, संयुक्त राष्ट्रांच्या तपास यंत्रणांना तो मागता येईल असा रस्ता करा. चढवणाऱ्यालाही स्वतःची प्रत काढून घेता आली पाहिजे, चॅनल बंद झाल्यानंतरसुद्धा.

स्वतःचं ओळखपत्र स्वतः दाखवून दिलेली साक्ष छळवणुकीच्या नियमातून बाहेर काढा. त्या माणसाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर त्याला विचारा, समजावून सांगा, त्याची इच्छा असेल तर झाका. निर्णय त्याचा राहू द्या.

शेकडो साक्षी असलेलं चॅनल तीन ताकिदींच्या हिशेबाने बंद करू नका. ज्या व्हिडिओवर आक्षेप आहे तो बाजूला काढा, बाकीच्यांना हात लावू नका. आणि चॅनल बंद करण्याआधी ती भाषा जाणणाऱ्या माणसाने ते व्हिडिओ ऐकलेले असले पाहिजेत. कझाख, उइघुर, तिबेटी, बर्मी, मैतेई, कुकी या भाषांत तुमच्याकडे किती माणसं आहेत ते दरवर्षी छापा. मराठीचाही आकडा द्या, आमच्यावर वेळ येईल तेव्हा आम्हाला तो लागेल.

एखाद्या मानवी हक्क चॅनलवर तक्रारींची झुंड आली तर तिचा तपास करा आणि काय आढळलं ते जाहीर करा. एखाद्या सरकारचा हात दिसला तर त्या सरकारचं नाव घ्या. सरकारांनी करवून घेतलेल्या, पण सामान्य माणसांच्या नावावर खपवलेल्या व्हिडिओंना ओळखपट्टी लावा.

आणि अताजुर्तच्या चॅनलवरचे जे व्हिडिओ त्या जूनमध्ये अडवले गेले त्या प्रत्येकाचं पुढे काय झालं, किती परत आले, किती नाहीत, कोणत्या कारणाने, हे लेखी सांगा. ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने म्हटलं की शिनजियांगमध्ये जे घडलं ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात. ते कधी कोर्टात उभं राहिलं तर तारीख-वार लागतील, चेहरे लागतील, आवाज लागतील.

२०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये अडकलेल्यांना आणणाऱ्या विमानाने मी परत आले. निघताना आपाने एक पाकीट माझ्या हातात दिलं. आत एक पेन ड्राइव्ह आणि अरबी लिपीतला तो कागद. ती म्हणाली, ‘अमानत.’ तिला वाटलं मला कळणार नाही, म्हणून ती समजावून सांगायला लागली. मी म्हटलं, आपा, आमच्याकडेही हाच शब्द आहे, आम्ही अनामत म्हणतो, ठेवायला दिलेलं परत द्यायचं असतं. ते पाकीट माझ्या डिग्रीच्या कागदांबरोबर कपाटात आहे आणि दर सहा महिन्यांनी मी पेन ड्राइव्ह उघडून फाइल चालते का ते बघते. पहिला सेकंद तिच्या घसा खाकरण्याचा आहे.

उत्तर इंग्रजीत दिलंत तरी मी वाचेन. कझाखमध्ये, सिरिलिक लिपीत दिलंत तर जास्त बरं. आपाला ती लिपी येत नाही, पण मला येते. रविवारी आमचा फोन असतो, तेव्हा मी तिला वाचून दाखवीन.

आपली,
एक डॉक्टर
अंबाजोगाई, जि. बीड